नाशिकमधून संशोधनासाठी निधी: प्रश्न ठरवण्यापासून हिशेब देण्यापर्यंत

नाशिक जिल्ह्यात संशोधनाला विषयांची वानवा कधीच नव्हती. लासलगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षं, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, गोदेचं पाणी, येवल्याचे पैठणीचे माग, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. यातला एकेक विषय माणसाला जन्मभर पुरेल. पण प्रस्ताव लिहायला बसलेले शिक्षक आणि विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "सर, सध्या कुठली स्कीम चालू आहे?"

सुरुवात इथूनच केली की पुढे अडचण होते. योजना आधी शोधली की विषय तिच्या मापाने कापावा लागतो, आणि ते परीक्षकाला पहिल्या पानावरच कळतं. त्याऐवजी आपला प्रश्न सुटला तर कोणाचं अडलेलं काम पुढे जाईल, हे आधी ठरवावं. ते ठरलं की पैसे कोणाकडे मागायचे हे निम्मं-अधिक ठरून जातं. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न छोटा करा

'नाशिक जिल्ह्यातील कांदा साठवणुकीच्या समस्यांचा अभ्यास' असं शीर्षक घेऊन लोक येतात. यात काय मोजणार, कुठे मोजणार, किती दिवस मोजणार, काहीच कळत नाही. आता हेच असं लिहून बघा: 'निफाड तालुक्यातील १२ शेतकऱ्यांच्या कांदाचाळींमध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात तापमान व आर्द्रता नोंदवणे, दर पंधरा दिवसांनी वजनातील घट, सड आणि कोंब यांचं प्रमाण मोजणे, आणि चाळीची दिशा व हवा खेळण्याची रचना यांचा त्या नुकसानीशी संबंध तपासणे.' विषय तोच आहे. पण दुसऱ्या वाक्यातून अंदाजपत्रक, वेळापत्रक, मनुष्यबळ सगळं आपोआप बाहेर पडतं.

आणि या एकाच चाळीपाशी किती वेगवेगळे प्रश्न उभे राहतात ते पाहा. इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकाला स्वस्त सेन्सर बनवायचा असेल, तर त्याचं दार विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे उघडतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना साठवणुकीतल्या काळ्या बुरशीवर जैविक उपाय शोधायचा असेल, तर जैवतंत्रज्ञान विभाग. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला लहान शेतकरी भाव चढायची वाट न पाहता कांदा का विकून टाकतो हे तपासायचं असेल, तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, किंवा नाबार्डचा संशोधन व विकास निधी. विकिरणाने कोंब रोखण्यावर काम करायचं असेल, तर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र लासलगावातच आहे, आणि अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस हे मंडळ विद्यापीठं-महाविद्यालयांतल्या प्रकल्पांना अनुदान देतं. चारही जण कांद्यावरच काम करतात, पण चौघांनी एकाच ठिकाणी अर्ज केला तर तिघं परत येतील.

प्रश्न ठरला की तो घेऊन प्रत्यक्ष माणसांकडे जा. कांद्याचा विषय असेल तर चितेगाव फाट्यावरचं एनएचआरडीएफ या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं केंद्र, राहुरी कृषी विद्यापीठाचं पिंपळगाव बसवंतचं केंद्र, गव्हाचा असेल तर निफाडचं, भाताचा असेल तर इगतपुरीचं. तिथल्या शास्त्रज्ञाशी अर्धा तास बोललं की आपला प्रश्न आधीच सुटलेला आहे का, ते समजतं. याच भेटीतून पुढे सहसंशोधक मिळतो, आणि सहसंशोधक असलेला प्रस्ताव समितीपुढे जास्त भक्कम उभा राहतो.

आपण कोण म्हणून अर्ज करणार

हा भाग कोरडा आहे, पण सर्वाधिक अर्ज इथेच बाद होतात. केंद्राच्या बहुतेक योजनांत प्रमुख संशोधक त्या संस्थेत नियमित पदावर लागतो, आणि प्रकल्प संपेपर्यंत त्याची नोकरी शिल्लक असावी अशीही अट बऱ्याचदा असते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील आणि प्रकल्प तीन वर्षांचा असेल, तर तरुण सहकाऱ्याला प्रमुख करून स्वतः सहसंशोधक व्हावं.

महाविद्यालय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २(एफ) आणि १२(बी) या मान्यता व केंद्रीय अनुदान-पात्रतेच्या याद्यांत आहे का, हे कार्यालयात विचारून पत्राची प्रत काढून ठेवा. ती लागतेच. विनाअनुदानित महाविद्यालयात किंवा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची इथे खरोखर कुचंबणा होते. पात्रतेची ही भिंत मला अन्यायाची वाटते, पण ती आहे हे धरूनच चालावं लागतं. त्यांच्यासाठी मार्ग दोन: नियमित पदावरच्या शिक्षकासोबत सहसंशोधक होणं, किंवा व्यक्तीला थेट मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या.

स्वयंसेवी संस्था असाल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, प्राप्तिकर सवलतीची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद हे आधी जमवा. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा सीड हा विभाग अशा संस्थांच्या विज्ञानाधारित कामाला मदत करतो. पदवी नसलेला पण शेतात स्वतः अवजार घडवलेला माणूस असेल, तर नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन त्याच्यासाठीच आहे. ही विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था असून २००० सालापासून तळागाळातल्या नवकल्पकांना शोधून पेटंट आणि पुढच्या विकासासाठी मदत करते. द्राक्षबागांमध्ये फवारणीची आणि छाटणीची किती जुगाडं नाशिकच्या शेतकऱ्यांनी केली आहेत! त्यांच्यापैकी फार थोड्यांपर्यंत हे नाव पोचलेलं आहे.

दारं कोणती, आणि कोणतं आधी ठोठवायचं

पहिला प्रकल्प असेल तर जवळून सुरुवात करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत नाशिक जिल्हा येतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या छोट्या संशोधन योजनांची परिपत्रकं महाविद्यालयात येतात आणि पुष्कळदा कार्यालयातल्या फायलीतच राहतात. संशोधन समन्वयकाला दर महिन्याला विचारत राहा. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंगच्या मंडळींचं तर विद्यापीठच इथे म्हसरूळला आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना छोटी संशोधन अनुदानं देतं, आणि अर्जात काय चुकलं हे समोरासमोर विचारता येतं. ही सोय राज्यात इतर कुठे नाही, तिचा फायदा घ्या. विद्यार्थ्यांनी 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सोडू नये. २००६ पासून ती चालू आहे. तिथे परीक्षकांनी विचारलेले प्रश्न म्हणजे पुढच्या प्रस्तावाची फुकटची तालीम.

मोठी दारं दिल्लीत आहेत. विज्ञान-अभियांत्रिकीत पूर्वी ज्याला सगळे 'सर्ब' म्हणायचे ते संशोधनाला निधी देणारं मंडळ आता राहिलं नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. जुन्या योजनांची नावं घेऊन कोणी मार्गदर्शन करत असेल तर आधी नवीन पोर्टल तपासा. नव्याने नोकरीत आलेल्यांसाठी तिथली 'प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट' महत्त्वाची आहे. २०२४ च्या पहिल्या घोषणेत तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत अनुदान आणि ४२ वर्षांची वयोमर्यादा होती, काही गटांना सवलतीसह. घर-मुलांमुळे संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना वेगळी आहे. सासर-माहेरच्या जबाबदाऱ्यांमुळे पीएच.डी. अर्धवट राहिलेल्या, हुशार अशा किती जणी नाशिकमध्ये आहेत, त्यांनी ती जरूर पाहावी.

आरोग्याच्या विषयांना आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. सिकलसेलसारख्या विषयाला तर आत्ता वेळ अनुकूल आहे, कारण २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं आणि आदिवासी भाग हेच त्याचं केंद्र आहे. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. प्रस्ताव लिहिण्याचा पहिला सराव म्हणून याहून चांगलं काही नाही. अवकाशाशी संबंधित कामाला इस्रोची रिस्पॉन्ड योजना, विमानविज्ञानाला एरोनॉटिक्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट बोर्ड; ओझरला एचएएलचा विमान कारखाना असल्यामुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना हा विषय परका नाही. जैवतंत्रज्ञानातली कल्पना उत्पादनापर्यंत न्यायची असेल, तर बायरॅक या केंद्र सरकारच्या कंपनीचं 'बिग' अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं. शेतीतल्या स्टार्टअपला राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या इन्क्युबेटरमधून कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि पुढे २५ लाखांपर्यंत मदत होते.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) तर आहेच. शिवाय राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती अनियमित निघतात. नोंदणी झाल्याचं विद्यापीठाचं पत्र, जात प्रमाणपत्र, वैधता, उत्पन्नाचा दाखला हे सगळं स्कॅन करून तयार ठेवलं तरच मुदत गाठता येते.

कला-इतिहासाच्या लोकांनी 'आमच्यासाठी काही नसतं' असं म्हणू नये. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले अर्ज स्वीकारतं. म्हणजे प्रस्ताव मराठीत लिहिता येतो. आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषद, आहे. ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम धोक्यात आलेली जुनी कागदपत्रं डिजिटल करण्यासाठी २००४ पासून पैसे देतो. नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या नामावळ्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. एका वहीत कुठल्या गावचा कोण माणूस कोणत्या साली कोणाच्या अस्थी घेऊन आला, सोबत कोण होतं, हे त्याच्या हस्ताक्षरात सापडतं. स्थलांतर, दुष्काळ, नातेसंबंध, मोडी लिपी, सगळ्याचा हा खजिना आहे. माझ्या मते नाशिकमधला हा सर्वांत दुर्लक्षित संशोधनविषय आहे. मात्र त्या वह्या खासगी आहेत, त्यांच्या मालकांचा विश्वास आणि लेखी संमती ही पहिली पायरी.

जाहिरात वाचण्याची पद्धत

जाहिरात आली की ती छापून घ्या आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: कोण पात्र, काय चालत नाही, शेवटची तारीख. मग त्याच संस्थेने मागच्या दोन-तीन वर्षांत मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी शोधा. बहुतेक सरकारी संस्था ती संकेतस्थळावर किंवा वार्षिक अहवालात देतात. शीर्षकं वाचत गेलं की त्यांना खरं काय हवं असतं ते जाहिरातीपेक्षा जास्त कळतं, आणि आपल्यासारख्या महाविद्यालयांना किती मिळतं तेही.

वेळेचा हिशेब हंगामाशी जोडा. अर्जापासून निकालापर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जातं, आणि मंजुरीनंतर पैसे खात्यात यायला आणखी वेळ लागतो. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो. म्हणजे येत्या एप्रिलचा कांदा गाठायचा असेल, तर अर्ज आदल्या एप्रिलच्या आसपास जायला हवा. हंगाम हुकला की प्रकल्पाचं एक वर्ष गेलंच समजा.

अंदाजपत्रक

प्रस्तावाचा हा भाग बहुतेक जण शेवटच्या रात्री लिहितात, आणि समिती मात्र तो आधी उघडते. वरच्या कांदाचाळीचंच उदाहरण घेऊ. १२ चाळी, प्रत्येकीत दोन नोंदयंत्रं म्हणजे २४, बिघाडासाठी तीन जादा, एकूण २७. समजा कोटेशन ५,००० रुपयांचं आलं, तर १,३५,००० रुपये. सहा महिन्यांत दर पंधरा दिवसांनी म्हणजे हंगामाला १२ फेऱ्या, दोन हंगामांत २४. एका फेरीला गाडीभाडं ३,००० धरलं तर प्रवासखर्च ७२,०००. प्रत्येक आकड्यामागे असा गुणाकार दिसला पाहिजे. 'प्रवास: १ लाख' असं नुसतं लिहिलं की समिती ते निम्मं करते, आणि तिला दोष देता येत नाही.

मनुष्यबळाचा खर्च लोकांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० आहे. वर्षाला ४,४४,००० झाले, दोन वर्षांचे ८,८८,०००, आणि वर घरभाडं. नाशिक शहर घरभाड्यासाठीच्या सरकारी वर्गीकरणात वाय वर्गात मोडतं, तो दर लावावा लागतो. म्हणजे १० लाखांच्या योजनेत जेआरएफ दर्जाचा संशोधन सहायक मागितला की नोंदयंत्रांना पैसाच उरत नाही. अशा वेळी गावातलाच बारावी झालेला मुलगा क्षेत्र-सहायक म्हणून घ्यावा, किंवा मोठ्या योजनेत अर्ज करावा. गावातला मुलगा चाळमालकाला 'काका' म्हणून हाक मारत आत जातो, हा फायदाही लहान नाही.

लॅपटॉप, कपाट, खुर्च्या, परदेश प्रवास मागू नका. हे बहुधा कापलं जातं आणि सोबत विश्वासही जातो. संस्थेचा वरखर्च, म्हणजे ओव्हरहेड, योजनेत मान्य असेल तर जरूर घाला. प्राचार्य आणि संस्थाचालक सहीला उशीर करत असतील, तर या रकमेतून महाविद्यालयाला काय मिळणार ते त्यांना कागदावर दाखवा.

परवानग्या

अर्जासोबत लागणाऱ्या सह्यांपेक्षा या जास्त वेळ खातात, म्हणून अर्ज लिहितानाच सुरू करा. माणसांवरच्या आरोग्य संशोधनाला नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी लागते. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे पक्षी मोजायलासुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तो कागद नागपूरपर्यंत जातो. आश्रमशाळेतल्या मुलांचा अभ्यास करायचा तर आदिवासी विकास विभागाची परवानगी हवी. आयुक्तालय नाशिकलाच आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला. परदेशी संस्थेकडून संस्थेच्या खात्यात पैसे येणार असतील, तर परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी आहे का हे पहिल्या दिवशी विचारा. नसेल तर मंजूर झालेला पैसाही घेता येत नाही.

कंपन्यांचा सीएसआर निधी

सातपूर, अंबड, सिन्नर इथे कारखाने आहेत, म्हणून अनेकांना हा सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर) पैसा सोपा वाटतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. पण सातव्या परिशिष्टात विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनासाठीची देणगी सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं आणि राष्ट्रीय संस्थांपुरती आहे. खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयाने 'संशोधन' म्हणून मागितलं तर कंपनीला ते बसवता येत नाही. काम खरोखर पाण्याचं, आरोग्याचं किंवा पर्यावरणाचं असेल, तर त्या शीर्षाखाली, ठोस लाभार्थ्यांसह मांडावं. संस्थेकडे असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी. कोणती कंपनी कुठल्या जिल्ह्यात कशावर खर्च करते, हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर खुलं आहे; ते पाहून तीन-चार कंपन्या निवडा आणि त्यांचं वार्षिक नियोजन ठरण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, भेट मागा. सोबत दोन पानं न्या, वीस नकोत.

नकार आणि मंजुरी

नकार आला की परीक्षकांचे शेरे मागवून घ्या. 'नमुन्याची संख्या अपुरी' असं लिहिलं असेल तर संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याला बसवा. 'नावीन्य नाही' असा शेरा असेल तर पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा कमी पडला आहे. शेऱ्यांना मुद्देसूद उत्तर देऊन तोच प्रस्ताव पुढच्या वेळी किंवा दुसऱ्या दारी पाठवणं यात काहीही कमीपणा नाही. प्रस्ताव मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे मध्यस्थ भेटले, तर मात्र पुढे बोलूच नका.

मंजुरीचं पत्र आलं की पहिल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या लेखापालासोबत बसा आणि पत्रातलं खर्चाचं प्रत्येक शीर्ष त्यांना समजावून सांगा. प्रकल्पाचं स्वतंत्र खातं, स्वतंत्र साठा नोंदवही, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून किंवा नियमानुसार कोटेशन घेऊन खरेदी, हे सुरुवातीपासून पाळलं तर पुढे धावपळ होत नाही. एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी, मग खर्च. दरवर्षी ३१ मार्चला खर्च बंद करून सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित खर्चविवरण पाठवावं लागतं. त्याशिवाय दुसरा हप्ता निघत नाही. सीए मंडळींची एप्रिल-मेमध्ये गर्दी असते, म्हणून त्यांची तारीख फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. तोवर क्षेत्र-सहायकाच्या पगाराच्या पावत्या आणि गाडीभाड्याची बिलं तारखेप्रमाणे लावून झालेली असू द्या.